बाण त्याचे, बॅग माझी

१० नोव्हेंबर, सोमवार

बॅग भरली. पुन्हा!

गुहेच्या तोंडाशी राक्षस मरून पडलाय. ज्या लोखंडी चिलखतासाठी आठवडाभर मार खाल्ला ते त्याच्या अंगावर आहे. उचलायला गेले तर पडद्यावर लाल अक्षरं — ओझं जास्त झालं, उचलता येणार नाही. बॅग उघडून बघते तर काय, नवनाथचे बाण. गठ्ठेच्या गठ्ठे. त्यावर त्याची जुनी धनुष्यं, वाळलेली अळिंबी, कसलीतरी हाडं आणि एक कढई. कढई कशाला उचलली याने? राक्षसाला भजी तळून घालणार होता?

विचारलं तर चॅटवर उत्तर, नेहमीसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी — "तुझी ताकद जास्त हाय ना, तू उचल की." माझी ताकद मी याचं सामान वाहायला वाढवली नाही.

चिलखत तिथेच सोडून आले. जेवतानाही तेच डोळ्यांसमोर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिपक म्हणतो, "ताई, तुमचं हे प्रकरण लिहून ठेव, पुढं पोरांना खरं वाटणार नाही." धाकटा भाऊ असून अक्कल शिकवतो. पण म्हणणं बरोबर आहे, म्हणून लिहिते.

नवनाथ म्हणजे माझा होणारा नवरा. जेऊरचा. विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर, शिफ्टची नोकरी. बघायला आले तेव्हा त्याच्या मामांनी विचारलं, आवड कशाची? आईने आधीच पढवून ठेवलं होतं — वाचन, विणकाम सांग. मी सांगितलं, कॉम्प्युटरवर गेम खेळते. तलवारी, राक्षस, जादू, असले. आईचा चेहरा उतरला. बाबा पंख्याकडे बघायला लागले. आणि हा पोह्यांच्या बशीतून मान वर काढून — "कुठला? मी बी खेळतो की!" माझा निम्मा होकार तिथेच झाला. खोटं कशाला बोलू.

दिवाळीआधी साखरपुडा झाला. आता लग्नापर्यंत भेटायचं कसं? सोलापूरहून जेऊर काही कोपऱ्यावर नाही, आणि तळ्यावर फिरायला जाणं आईला चालत नाही. म्हणून संध्याकाळी जेवणं झाली की गेममध्ये भेटतो. तो तिकडे, मी इकडे. आईचं मत — "बरं हाय की, डोळ्यासमोर तरी हाय पोरगी." आम्ही पत्ते खेळतो तसं काहीतरी चाललंय असं तिला वाटतं.

खेळ त्याच्या कॉम्प्युटरवर साठतो. म्हणजे तो यजमान, मी पाहुणी. यजमानाला सगळ्यांच्या बॅगा उघडता येतात, मी नसतानाही. पाहुण्याला फक्त स्वतःची. ज्याने हा गेम बनवला त्याला एकदा भेटायचंय मला.

१३ नोव्हेंबर

कढई विकली. न विचारता. त्याला अजून पत्ता नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पातळी वाढली! पाच गुण मिळाले वाटायला. सगळे ताकद आणि दम यांत घातले.

माझ्या पात्राचं नाव मायाक्का. नाव आमच्या कारखान्यातल्या मायाक्कावरून घेतलंय. मी टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात माल परदेशी पाठवायची कागदपत्रं करते, ती खाली पॅकिंगला. तिच्या पट्टीच्या रिळाला कुणी हात लावला की ती एवढंच म्हणते, "इचारलंस का मला?" माणूस रीळ ठेवून निघून जातो. मग तो सुपरवायझर असो नाहीतर मालकाचा पुतण्या. असं बाईमाणूस गेममध्ये पाहिजे म्हणून हे नाव. खऱ्या मायाक्काला सांगितलं तर म्हणाली, "तितं बी मीच राबतीया? मग तिची बी हजेरी लावा की मॅडम माझ्या नावावर."

बेत साधा आहे. दोन हातांची कुऱ्हाड घ्यायची, पुढे उभं राहायचं, मार खायचा आणि द्यायचा. पंचविसाव्या पातळीला 'भिंतफोड' नावाचा घाव मिळतो, पण आधीपासून बहुतेक गुण ताकदीत घातले असतील तरच. तोपर्यंत रडतखडत. बोलण्यात शून्य, म्हणून दुकानदार लुटतो. बुद्धीत शून्य, म्हणून साधा दिवासुद्धा मंत्राने लावता येत नाही. चालायचंच. पात्र घडवायचं म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं.

नवनाथचं सारखं टुमणं — "थोडी बुद्धी वाढव की. जखमा भरायचा मंत्र घे. मी सारखा मरतोय."

अरे, तू मरतोस कारण तू तिरंदाज असून सगळ्यांच्या पुढे पळतोस! हे लिहिलं नाही. हसरा चेहरा पाठवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावर सिद्धम्मा बसते. अक्कलकोटची. डबा खाताना तिला बाणांची कथा सांगितली. म्हणाली, "अय्यो, कुंडली बघायची सोडून कुऱ्हाड काय बघत बसलीस!"

आमच्यात कुंडली बघत नाहीत म्हटलं.

"मग माणूस कसा कळतो तुमाला?"

"मी बॅग बघते."

हसून हसून तिला ठसका लागला. पण मी चेष्टा करत नव्हते. चहा-पोह्याला सगळेच गुणी असतात. रोज एकत्र खेळलं की कळतं — स्वतःला काय ठेवतो, आपल्यावर काय लादतो, शेवटची औषधाची कुपी कोण पितो. आतापर्यंत कुपी तोच प्यायलाय. पण वाईट नाही तो. खूप हसवतो. मी मेले की कितीही लांब असला तरी मला उठवायला परत येतो. आणि आवाज छान आहे. आवडतो मला. लिहून टाकलं!

हॉलवाला तारीख मागतोय. बाबा नुसते माझ्या तोंडाकडे बघतात. मी एक ठरवलंय, ते फक्त इथे लिहिते. हा विचारायला शिकला की मी तारखेला हो म्हणणार. श्रीमंत नको, देखणा नको. विचारणारा नवरा पाहिजे. एवढंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

रागातच लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय.

दुपारी गेम उघडला. मायाक्का पांढऱ्या झग्यात उभी! हातात काठी. चिलखत नाही, कुऱ्हाड नाही. ताकद पार तळाला, बुद्धी वर. मी नसताना त्याने तिला विसरझऱ्यावर नेलं. त्या झऱ्यात उतरलं की सगळे गुण धुऊन जातात आणि नव्याने वाटता येतात. आयुष्यात एकदाच. ती एकदाची संधी त्याने वापरली. महिनाभर एकेक गुण जपून घातला होता मी!

तो खुशीत — "सरप्राइज! आता तू वैद्य. गटाला वैद्य लागतोच."

कुऱ्हाड कुठाय?

"विकली. आता तुला उचलणार बी न्हाय ती. त्यात मला नवं धनुष्य आलं."

मी कॉम्प्युटर बंद केला. बटण दाबून, सरळ. आई स्वयंपाकघरातून धावत आली. काय झालं, काय झालं?

"मायाक्काला वैद्य केलं गं त्याने!"

"मग चांगलं हाय की. शिकली बिचारी."

आता हिला काय सांगू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोनवर भांडण. भांडण तरी कसलं, मी एकटीच भांडत होते.

"अगं, गेम हाय तो." हे किती वेळा म्हणाला. मग, "बरं, चुकलं. पण तुझ्या भल्यासाठीच केलतं की."

मी म्हटलं, मला आधी विचारलं का नाहीस?

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणली असतीस की!"

इतक्या सरळपणे म्हणाला की आधी मला हसूच आलं. फोन ठेवल्यावर भीती वाटली. खरंच भीती. आज काठी दिली हातात. उद्या?

२५ नोव्हेंबर

खेळले नाही.

२६ नोव्हेंबर

खेळले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बाबांनी गोळी आणून ठेवली. हॉलवाल्याचा फोन आला तो बाहेर जाऊन घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी निरोप आला. चक्क मराठी अक्षरांत. "मायाक्का परत येऊ शकते. पेटीत बघ."

गेम उघडला. तळावरच्या सामाईक पेटीत माझी कुऱ्हाड होती. दुकानदाराकडून सोडवून आणलेली. आणि शेजारी एक निळी कुपी — विसरझऱ्याचं पाणी! त्या पाण्याने गुण परत वाटता येतात. पण ती कुपी मिळते फक्त एका सात मजली विहिरीच्या तळाशी, आणि त्या विहिरीत तिरंदाज एकटा उतरला की संपलाच. मी स्वतः दोनदा मेलेय तिथे, चिलखत घालून. हा माणूस साध्या लांडग्याला मरतो, तो तळापर्यंत गेला आणि परत आला!

खाली लिहिलं होतं — "न विचारता कशालाही हात लावणार नाही. चूक झाली." पूर्णविरामासकट. नवनाथने आजवर पूर्णविराम दिल्याचं मला आठवत नाही.

डोळे भरून आले. दिपक खोलीत होता म्हणून जांभई दिल्यासारखं केलं.

मायाक्काला पाणी पाजलं. सगळे गुण पुन्हा जिथल्या तिथे. झगा जाळायची सोय नव्हती, विकला.

२ डिसेंबर, मंगळवार

माणूस एवढा बदलतो? आज नवं कडं मिळालं तर विचारतो, "तुला हवं आहे का?" शेवटची कुपी उरली — "तू घे, तू पुढे उभी असतेस." आता मागे उभा राहतो. वाट बघतो. माझा घाव बसला की मगच बाण सोडतो. आमचा मेळ असा जमलाय की चॅटवर लिहावंसुद्धा लागत नाही.

आणि सगळ्यात मोठं — पातळी वाढली तेव्हा त्याने दोन गुण ताकदीत घातले. तिरंदाज ताकदीत गुण कशाला घालेल? विचारलं. "माझे बाण मीच उचलायला."

माझ्या बॅगेत आज रिकामे चौकोन आहेत. बघतच बसले त्यांच्याकडे.

६ डिसेंबर, शनिवार

आज खेळ नाही. सकाळी आईबाबांबरोबर पुतळ्याला जाऊन आलो, संध्याकाळी विहारात. नवनाथचा फोन आला होता. "जेवली का? बरं. ठेवतो." फोनवर याला बोलताच येत नाही, आणि लिहायला बसला की किती उलगडतो! काही माणसं असतात तशी.

९ डिसेंबर, मंगळवार

या आठवड्यात याची दुपारची शिफ्ट. रात्री दहापर्यंत सबस्टेशन सोडता येत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. तरी आठला हजर! कसं जमलं विचारलं तर — "बदलून घेतली."

सिद्धम्माला सांगितलं. ती म्हणाली, "बायकोसाठी ड्युटी बदलणारा? इल्ला, इल्ला. असला माणूस नसतोच." जळते मेली.

१४ डिसेंबर, रविवार

आज विचारलंच.

कोळ्याच्या जंगलात मी जाळ्यात अडकले, आयुष्य अगदी संपत आलं होतं. त्याने एकेक कोळी टिपून मला सोडवलं. मग दोघं शेकोटीशी बसलो. गेममध्ये शेकोटीशी बसलं की जखमा भरतात. तेव्हा लिहिलं — लग्नानंतर माझ्या नोकरीचं काय?

हे मी इतके दिवस टाळत होते. साखरपुड्यात त्याच्या आई म्हणाल्या होत्या, "आमी काय जुन्या वळणाचं न्हाय, पण घर बघाया कुणीतरी लागतंय की." ही नोकरी मी चार मुलाखती देऊन मिळवलीय. मला ती आवडते. कंटेनर बंदरात पोचल्याचा मेल आला की मला अजून मजा वाटते.

मग एकेक ओळ आली.

"सोडू नकोस."

"सकाळची गाडी मिळते जेऊरला. लोक रोज येतात-जातात."

"घरातलं मी सांभाळून घेतो. एकदा सोडली की परत कुणी जा म्हणत नाही. मी बघितलंय."

बहिणीचं बघितलं असणार. त्याची धाकटी बहीण मनाली, बी.एस्सी. झालेली. करमाळ्याला शाळेत शिकवत होती. गेल्या वर्षी घरच्यांनी बंद केलं, जायला-यायला त्रास होतो म्हणून. साखरपुड्यात माझ्या केसांत गजरा तिनेच माळला होता. फार बोलली नाही. आपल्या बहिणीचं दुःख ज्याला दिसतं तो माणूस बायकोचं बघेल. बघेलच.

मी "थँक्यू" लिहिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

फोन आला त्याचा. म्हटलं, कालचं लक्षात आहे ना?

"कालचं काय?"

"नोकरीचं."

"हां हां… बघू की."

मागे त्याच्या आईंचा आवाज येत होता. त्या ऐकत होत्या म्हणून मोकळं बोलता आलं नसेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बाबांना हो म्हटलं! फेब्रुवारीतला रविवार ठरला. बाबांनी हॉलवाल्याला माझ्यासमोरच फोन लावला, आणि ठेवल्यावर उगाच दोन-तीनदा चष्मा पुसला. रेल्वेत एवढी वर्षं काढली, माणूस कधी घाईत दिसला नाही. आज घाईत होते.

आईने शेजारी सगळ्यांना सांगून टाकलं. वर म्हणते, "त्या गेमनंच जुळलं बघा. आमी न्हाय कधी नावं ठेवली." नाही, कधीच नाही!

संध्याकाळी मायाक्का पंचविसाव्या पातळीला पोचली. भिंतफोड मिळाला. पहिला घाव जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर घातला आणि भिंत आली की खाली! नवनाथने टाळ्यांची चित्रं पाठवली. मग लिहिलं, "मला खूप आनंद झाला. तू खूप पुढे जा."

असं कुणी लिहितं का होणाऱ्या बायकोला? म्हातारा आहे अगदी. पण मी ते वाक्य परत परत वाचलं. खूश आहे मी. रविवारी, अठ्ठावीसला, बस्ता. ते सगळे सोलापूरला येणार.

२८ डिसेंबर, रविवार

दुकानात गादीवर सगळे बसलो होतो. नवनाथ, त्याच्या आई, मामा, मनाली, आणि आमची सगळी. शालूंचा ढीग पडला होता. मनाली माझ्या शेजारी. पदर हातात घेऊन हळूच म्हणाली, "वैनी, तुमी त्या जाळ्यात अडकला तवा मी लई घाबरले. बाण संपत आलते माझे."

माझे?

तिने जीभ चावली. मग खाली बघत सगळं सांगितलं. विहिरीत तीच उतरली होती. तेव्हापासून रोज तीच. "दादा म्हणला, रुसलीया ती, तुला बायकांचं कळतंय, तूच खेळ थोडं दिस. लग्न झालं की मी बगतो."

मी विचारलं, आणि नोकरीचं? ते त्याने सांगितलं होतं?

तिने मान हलवली. "न्हाय. ते माझं मीच लिवलं. मला बी तवा कुणीतरी तसं म्हणायला पायजे होतं."

मी शालू खाली ठेवला. नवनाथला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं — लग्नानंतर मी नोकरी करणार आहे, तुला चालेल ना?

त्याने आईकडे बघितलं.

बस्ता न बांधता आम्ही घरी आलो.